तीन दिवसांचा हंगाम : आखाती रेड स्नॅपरच्या वादाची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा. अमेरिकेत २०१७ मध्ये हौशी मासेमारांना तो धरायला आधी फक्त तीन दिवस दिले गेले, आणि वाद पेटला तो त्यावरून. पन्नासहून अधिक वर्षे जगणारा, त्यामुळे साठा एकदा ढासळला की सावरायला दशके लागतात. १९९० च्या दशकात तिथल्या अमेरिकी व्यावसायिक बोटींनी मोजक्या दिवसांचे हंगाम भोगले होते : वारा कसाही असो, सगळ्या एकदम समुद्रात, आणि धक्क्यावर एकदम आलेल्या मालाला भाव नाही. २००७ मध्ये त्यांना कोट्यातले, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या एकूण पकडीतले, वाटे नेमून दिले आणि ती शर्यत थांबली. हौशी मासेमारांवर मात्र दिवस मोजण्याचीच पद्धत राहिली.

फेडरल हद्दीतला, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या, केंद्र सरकारच्या ताब्यातल्या पाण्यातला त्यांचा हंगाम २००७ मध्ये १९४ दिवसांचा होता, २००८ मध्ये ६५, तर २०१४ मध्ये अवघा ९. साठा तर सावरत होता, कोटाही वाढत होता. पण मासे अधिक आणि वजनदार झाल्याने एकेका फेरीत कोटा भराभर संपू लागला. राज्यांनी किनाऱ्यालगत आपापले हंगाम लांबवले. तिथली पकडही त्याच कोट्यातून वजा होई. त्यात कोटा वारंवार ओलांडला जात असल्याबद्दल न्यायालयाने केंद्र सरकारवर ताशेरे ओढले.

दिवस निम्मे केले की पकड निम्मी होते, हा हिशेब मुळातच खोटा. वर्षभर सवडीने जाणारा माणूस मग आपल्या फेऱ्या त्याच आठवड्यात बसवतो, आधीच रजा टाकतो. बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर ट्रेलरच्या रांगा लागतात, मासे जमावेत म्हणून बुडवलेल्या ठरावीक कृत्रिम रीफवर बोटीला बोट लागते. समुद्र खवळलेला असला तरी हातचा दिवस सोडवत नाही, आणि लहान बोटीसाठी हे जिवावरचे आहे. २०१६ मध्ये हंगामातच वादळ आले तेव्हा ९ चे ११ दिवस करावे लागले. हंगाम संपला तरी दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला स्नॅपर लागतोच. खोलातून झटकन वर ओढल्याने त्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगलेला असतो. परत सोडलेल्यांतले कितीतरी जगत नाहीत.

खरी ठिणगी २०१७ ची. खासगी बोटींचा हंगाम जाहीर झाला १ ते ३ जून. किनारी राज्यांत ओरड झाली आणि वॉशिंग्टनने त्यात आणखी ३९ दिवस घातले, बहुतेक शुक्रवार ते रविवार. बदल्यात राज्यांनी आपल्या पाण्यातले आठवड्याचे इतर दिवस सोडले. विशेष म्हणजे, यामुळे पकड मर्यादेपलीकडे जाईल आणि साठा पूर्ववत होणे सहा वर्षांपर्यंत लांबू शकेल, हे सरकारी सूचनेतच लिहिले होते. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. तीन दिवसांचा हंगाम माणसांवर अन्याय होता हे मान्य. पण त्याचा भार कळूनसवरून माशावर टाकणे हा उपाय नव्हता.

२०१८ पासून राज्यांना प्रायोगिक परवाने मिळाले आणि २०२० मध्ये खासगी बोटींचे व्यवस्थापन राज्यांकडे गेले. आता राज्ये आपल्या वाट्यात शनिवार-रविवार पसरून देऊ शकतात. भांडण सरकले आहे पकडीच्या मोजणीवर : राज्यांची सर्वेक्षणे आणि फेडरल आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळवताना अलाबामा व मिसिसिपी या राज्यांच्या वाट्याला मोठी कात्री लागते.