'घोस्ट मारणे' आणि क्लस्टरमधल्या 'गेलेल्या' डिस्का : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत लिनक्स क्लस्टरचा (एकत्र गणित करणाऱ्या जोडलेल्या पीसींचा) एखादा नोड, म्हणजे त्यातला एक पीसी, उठला नाही की पहिलं वाक्य येतं, "डिस्क गेली." त्यामागोमाग दुसरं, "परत घोस्ट मार." ही बोली कुठून आली हे कळलं, तर निम्मे बिघाड डिस्क न उघडताच सापडतात.

स्वस्त पीसी जोडून मोठं गणित करायची वाट 1994 साली रुळली. अमेरिकेतल्या एका अंतराळ संशोधन केंद्रात 486 जातीचे 16 पीसी जोडले गेले, तो बेवुल्फ. आपल्याकडे ती कल्पना पोचली तेव्हा वेगळं क्लस्टर घ्यायला पैसा नव्हता. दिवसा विंडोजवर प्रॅक्टिकल आणि सुट्टीत त्याच पीसींवर लिनक्स, अशी लॅब होती. ती लॅब आधीपासून घोस्ट या विंडोजच्या जमान्यातल्या सॉफ्टवेअरवर चालायची. एक पीसी नीट करायचा आणि त्याच्या डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, बाकीच्यांवर 'मारायची'. लिनक्स आलं, साधन बदललं, शब्द तोच राहिला.

खरी गुंतागुंत इथे आहे. 'इमेज टाकली' असं म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या जातात. डीडी हे साधन डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत जसंच्या तसं उतरवतं. क्लोनझिला वापरातले तेवढे ब्लॉक उचलतं, पण मांडणी मूळचीच ठेवतं. सिस्टमइमेजर नव्याने पार्टिशन (डिस्कचे भाग) पाडून आरसिंक या फाइल-कॉपीच्या साधनाने फाइली भरतं. रॉक्स तर इमेज टाकतच नाही, पॅकेजं घेऊन नोड पुन्हा इन्स्टॉल करतं. पहिल्या प्रकारात डिस्कची ओळखही सोबत जाते : यूयूआयडी (ओळख क्रमांक), पार्टिशनची सुरुवात, डिस्कचा आकारसुद्धा. आमच्याकडे बहुतेकांनी पहिलाच प्रकार धरला, कारण तो घोस्टसारखा दिसायचा. माझ्या मते तिथेच चुकलं.

2010च्या आसपासचा उन्हाळा आठवा. मे महिना, बाहेर 45 अंश, आणि भारनियमन. डीडी चालू असताना वीज जायची. पार्टिशन टेबल (पार्टिशनांची यादी) डिस्कच्या तोंडाशी असतं, म्हणून ते सगळ्यात आधी उतरलेलं असायचं. वीज आल्यावर एफडिस्क सगळी पार्टिशनं बरोबर दाखवायचं. फाइलसिस्टिमची (फाइली मांडायच्या रचनेची) मुख्य माहिती ठेवणारा सुपरब्लॉकही पुढेच असल्याने रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य पार्टिशन, माउंटही व्हायचं, म्हणजे जोडलं जायचं. पण मागच्या भागात आधीच्या वर्षीचा डेटा तसाच. असा अर्धा नवा, अर्धा जुना नोड दोन दिवस चालायचा, मग कुठल्या तरी लायब्ररीवर अडायचा, आणि निकाल तोच : डिस्क गेली. टेबल दिसलं म्हणजे कॉपी पूर्ण झाली असं नव्हे. शेवटचे सेक्टर मूळ डिस्कशी ताडून पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

त्याच सुमाराला 4096 बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्का बाजारात आल्या. जुन्या इमेजमध्ये पहिलं पार्टिशन 63व्या सेक्टरवर सुरू व्हायचं. नवा सेक्टर म्हणजे 512 बाइटचे जुने 8 सेक्टर, आणि 63ला 8ने भाग जात नाही. प्रत्येक छोट्या लिखाणाला डिस्क आधी वाचायची, मग लिहायची. नवी डिस्क जुनीपेक्षा हळू चालते ही तक्रार तिथली. आज सुरुवात 2048वर होते.

सेंटओएस 6च्या काळात (सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सवरून बनवलेलं फुकट लिनक्स) आणखी एक भानगड होती. नेटवर्क कार्डाचा पत्ता युडेवच्या (उपकरणांना नावं देणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांच्या फाइलीत लिहिला जायचा आणि इमेजबरोबर सगळीकडे जायचा. नव्या नोडवर नेटवर्क कार्डाचं नाव इथ0चं इथ1 व्हायचं, एनएफएस (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक फाइली) चढायचं नाही, दोष मात्र इमेजवर जायचा. फाइलींनी कॉपी करणाराही यातून सुटायचा नाही. ती फाइल हाताने काढावीच लागायची.

सेंटओएस 7मध्ये एक्सएफएस ठरीव फाइलसिस्टिम झाली. 2015च्या सुट्टीत आम्ही एका नोडची डिस्क काढून दुसऱ्याला जोडली. माउंट म्हणालं, चुकीची फाइलसिस्टिम किंवा खराब सुपरब्लॉक. एका विद्यार्थ्याने दुरुस्तीची आज्ञा टाइपही केली होती, लॉग पुसण्याच्या पर्यायासह. एंटर दाबायच्या आत डीमेसेज (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद) पाहिला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं : यूयूआयडी दुबार आहे. दोन्ही डिस्का एकाच इमेजच्या, म्हणून एक्सएफएसने दुसरी नाकारली. नोयूयूआयडी पर्याय दिला आणि डिस्क उघडली. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा रंग मी विसरलेलो नाही. त्याचा तीन महिन्यांचा प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होता.

जीपीटी (पार्टिशन टेबलाचा नवा प्रकार) आल्यावर डिस्कची शेपूटही महत्त्वाची झाली. त्याच्या हेडरची दुसरी प्रत शेवटच्या सेक्टरवर असते. 500 जीबीच्या डिस्कवर साधारणपणे 97,67,73,168 सेक्टर असतात. तिची इमेज 1 टीबीवर टाकली की ती प्रत डिस्कच्या मधोमध अडकते आणि कर्नल कुरकुरतो. एसजीडिस्क या आज्ञेचा 'ई' पर्याय तिला शेवटी नेऊन ठेवतो. उलटं प्रकरण जड आहे. 480 जीबीच्या एसएसडीवर 93,77,03,088 सेक्टर, म्हणजे इमेज मावतच नाही, आणि एक्सएफएस आकसवून लहान करण्याची भरवशाची सोय नाही. 'सगळ्या 500च्याच आहेत' म्हणून खरेदी होते आणि हाती 480च्या येतात, तेव्हा जुनी इमेज बाजूला ठेवावी लागते.

डीडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं रास्त आहे : मल्टिकास्टने एकदाच पाठवून सगळे नोड भरता येतात, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत तेच जमतं. पण एनव्हीएमई (नव्या जातीच्या वेगवान एसएसडी) आल्यावर पार्टिशनच्या नावात 'पी' शिरला, जुन्या स्क्रिप्ट नावापुढे नुसता 1 जोडून अडायला लागल्या. मूळ यंत्रापुरते ड्रायव्हर घेऊन बनवलेली इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी चढणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्या बोर्डावर रूट न सापडल्याने ती बनवणाऱ्या ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलवर थांबते.

30 जून 2024ला सेंटओएस 7चा आधार संपला आणि सगळ्यांना नव्याने मांडणी करावी लागली. आता आम्ही एसएफडिस्कने पार्टिशनचा आराखडा साध्या मजकुरात ठेवतो, डिस्कच्या आकाराप्रमाणे शेवटचं पार्टिशन बदलतो, फाइलसिस्टिम जागेवर बनवतो, फाइली आरसिंकने भरतो, आणि मशीन-आयडी व एसएसएचच्या होस्ट-की (नोडची स्वतःची ओळख) पुसूनच नोड सुरू करतो. रेस्क्यूचा, म्हणजे बिघडलेला नोड उघडायचा पेनड्राइव्हही बदलला. रेड हॅटच्या 9व्या पिढीत बनलेली एक्सएफएस 8व्या पिढीच्या कर्नलवर माउंट होत नाही, आणि जुना पेनड्राइव्ह लावणारा अजूनही तेच म्हणतो : डिस्क गेली.