पिकअप वाइंडिंग : तारेचा ताण आणि वेग

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची, म्हणजे गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाची, कॉइल भरताना केसासारखी बारीक तांब्याची तार किती ओढीने आणि किती वेगाने बॉबिनवर (चुंबकांभोवतीच्या साच्यावर) चढवायची, याचे तंत्र. गिटारची पोलादी तार छेडली की चुंबकाभोवतीचे क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीजदाब उमटतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवला तोच हा परिणाम. मराठीत दोन्हींना तारच म्हणतात, म्हणून या नोंदीत नुसती ‘तार’ म्हणजे कॉइलची तार.

फेंडर या अमेरिकी कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धर्तीच्या कॉइलवर साधारण ७,६०० ते ८,३०० वेढे बसतात. सरासरी वेढा १४ सेंटिमीटरचा धरला तर तार एक किलोमीटरहून जास्त लागते; तिचे वजन मात्र जेमतेम ३० ग्रॅम. ही तार अमेरिकी मापाने ४२ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक; आकडा मोठा तितकी तार बारीक), म्हणजे ०.०६३ मिमी व्यासाची आणि वर इनॅमलचा पातळ थर असलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळीत ‘४२ नंबर’ मागणाऱ्याने इथेच सावध राहावे. आपल्याकडे वाइंडिंगची तार वजनावर आणि बहुधा ब्रिटिश गेजने विकली जाते, आणि ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०२ मिमी. ती घेतली तर बॉबिन तीन हजार वेढ्यांच्या आसपासच भरून जाते. जवळचे माप म्हणजे ब्रिटिश ४६ गेज, ०.०६१ मिमी. अमेरिकी ४४ गेजच्या जागी ब्रिटिश ४७ चालते. मायक्रोमीटरने मोजून घेणे उत्तम, पण इनॅमलची जाडी त्या मापात धरली जाते हे ध्यानात ठेवावे.

एवढी बारीक मऊ तांब्याची तार ७० ते ८५ ग्रॅमच्या ओढीला तुटते, आणि त्याच्या बरीच आधी ती कायमची ताणली जाऊ लागते. म्हणून काम साधारण २० ते ३० ग्रॅमच्या ताणावर चालते. ताणलेली तार लांब होते आणि त्याच प्रमाणात बारीकही होते, त्यामुळे लांबी १ टक्का वाढली की रोध (विजेला होणारा अडथळा) जवळजवळ २ टक्के वाढतो. इनॅमलला सूक्ष्म भेगा पडू शकतात. घट्ट वेढे बॉबिनच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर दाब देतात. उलट ताण कमी पडला तर कॉइल मध्यभागी फुगते, बाहेरचे वेढे कडेवरून घसरतात आणि आतले मोकळे राहतात. मोठ्या आवाजात हे मोकळे वेढे स्वतःच थरथरतात व अ‍ॅम्प्लिफायर शिटी घालू लागतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण नवशिके तिथेच फसतात. सैल कॉइल जाड होते, तिचा प्रत्येक वेढा लांब पडतो, म्हणून तिचाही रोध वाढतो. म्हणजे जास्त ताणलेली आणि ढिली, अशा दोन्ही कॉइल मीटरवर सारखाच जादा आकडा दाखवू शकतात. रोधावरून कॉइलची पारख करू नये. वेढे मोजावेत, आणि ताण पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा ठेवावा. ताण २२ ग्रॅम आहे की २८, यापेक्षा तो मध्येच १० आणि मध्येच ५० होत नाही ना, हे महत्त्वाचे.

वेगाचा प्रश्न खरे तर ताणाचाच आहे. सुताची कांडी गोल असते, ती फिरताना धागा एकसारखा ओढला जातो. पिकअपची बॉबिन लांबट आणि चपटी. ती मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सुरुवातीच्या थरांत तार क्षणभर अगदी मंदावते आणि लगेच सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने खेचली जाते. हे प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला ३३ वेळा. तारेचे रीळ स्वतः फिरत असेल तर त्याचे जडत्व या प्रत्येक हिसक्याला आड येते. म्हणून रीळ उभे, स्थिर ठेवून तार त्याच्या टोकावरून वर काढतात, आणि रीळ व बॉबिन यांत पुरेसे अंतर ठेवतात. यंत्रावर मधे स्प्रिंगचा हलका दांडा असतो, तो झुलून हिसका पचवतो. वेग दुप्पट केला की हे हिसके चौपट जोराचे होतात. हाताने तार नेणाऱ्याने ५०० ते १,००० फेऱ्यांपुढे जाण्याची घाई करू नये. १,००० ला सुद्धा आठ हजार वेढे आठ मिनिटांत होतात. पहिले शंभरेक वेढे तर अगदी सावकाश द्यावेत, कारण तार तेव्हा चुंबकांना किंवा बॉबिनच्या कोपऱ्यांना थेट घासते. एकदम सुरू करणे व एकदम थांबवणे सर्वांत वाईट. थांबताना रिळावरून सुटलेली तार ढिली लोंबते, पुन्हा सुरू करताना तिला गाठ पडते आणि ती तुटते.

ताण देण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे बोटे व त्यांत धरलेला फेल्टचा तुकडा. फेंडरच्या कारखान्यात १९५६ पासून अनेक दशके कॉइल भरणाऱ्या अबिगेल इबारा यांचे नाव गिटारवादकांत आदराने घेतले जाते ते या बोटांसाठीच. दुसरीकडे गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीच्या कॉइलशी जोडले गेलेले लीसोना हे वाइंडिंग यंत्र. ते बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे आधीचे नाव युनिव्हर्सल वाइंडिंग, आणि तिचा मूळ धंदा कापडगिरण्यांसाठी सूत गुंडाळण्याची यंत्रे करण्याचा. गिरणगावाला हे नाते नवे वाटू नये. परळ-लालबागच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीळ खात्यांत बायका काम करत, आणि धागा न तुटता एकसारख्या ताणाने भरणे हेच तिथलेही कसब होते.

हाताने नेलेली तार थोडी विखुरली जाते. वेढे एकमेकांना समांतर बसत नाहीत, त्यामुळे कॉइलची अंतर्गत धारिता (वेढ्यांमध्ये विद्युतभार साठवण्याची क्षमता) काहीशी कमी होते आणि तिची अनुनाद-वारंवारता, म्हणजे ती ज्या स्वराला सर्वांत जोराने साथ देते ती वारंवारता, वर सरकते. आवाजातला उजळपणा याचाच, असे अनेक जण मानतात. यात तथ्य आहे, पण गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या केबलची धारिता कॉइलच्या धारितेहून बहुधा जास्त असते, हेही विसरू नये.

मुंबईच्या हवेने काही नियम आपोआप घालून दिले आहेत. काम चालू असताना छताचा पंखा बंद. वाऱ्याच्या झोताने रिळावरचे वेढे उडतात. पण पंखा बंद म्हणजे घाम आला, आणि घामातले मीठ इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांतून तांब्याला हिरवे करते, म्हणून बोटांवर कापडी टोप्या चढवाव्यात. जुन्या पद्धतीच्या बॉबिनच्या फायबर पट्ट्या पावसाळ्यात ओल धरून फुगतात. त्या कोरड्या डब्यात ठेवून मगच वापराव्यात.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ६,००० ओहम दाखवणारी कॉइल मे महिन्यातल्या ३२ अंशांच्या खोलीत सुमारे ६,२८० दाखवेल. तारेच्या ताणाला दोष देण्याआधी भिंतीवरचा तापमापक पाहावा. मोकळे वेढे बांधण्यासाठी कॉइल पॅराफिन व थोड्या मधमाश्यांच्या मेणात ६० ते ६५ अंशांवर बुडवतात. मेणातून नुकतीच काढलेली तीच कॉइल ६,९०० च्या वर आकडा दाखवते. ती रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजावी.