दुपारची सुस्ती आणि कोकणातला कामाचा दिवस

दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान डोळे जड होतात. समोरचा कागद दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, बेरीज चुकते, हाताला वेग राहत नाही. रत्नागिरीतल्या कचेरीत, लोटे-परशुरामच्या कारखान्यात, कुडाळच्या बँकेत किंवा वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ही वेळ सगळ्यांच्या ओळखीची आहे. बहुतेक जण दोष देतात तो जेवणातल्या भाताला, नाहीतर स्वतःच्या आळसाला. यातला आळसाचा आरोप मला अन्यायाचा वाटतो. आज ज्या कामाच्या दिवसात आपण ही सुस्ती लपवत बसतो, तो दिवस कोकणी माणसाच्या वाट्याला आला त्याला जेमतेम दीडशे वर्षं झाली आहेत. तो कसा आला, हे समजल्याशिवाय तिच्यावरचा उपाय नीट कळत नाही.

आधी शरीराचं बघू. सकाळी उठल्यापासून मेंदूत झोपेची गरज साचत जाते. ती गरज रोखून धरणारं, जागं ठेवणारं शरीराचं घड्याळ संध्याकाळकडे जोर धरतं. दुपारी गरज बरीच साचलेली असते आणि घड्याळाचा जोर अजून वाढायचा असतो. त्या फटीत सुस्ती येते. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये या दोन प्रक्रियांची मांडणी केली आणि झोपेचा अभ्यास आजही त्या पायावर उभा आहे. दुपारचं जेवण टाळलं तरी ही घसरण दिसते, हेही प्रयोगांतून कळलेलं आहे. पोटभर भात-आमटी ती वाढवते, पण निर्माण करत नाही. रात्रीची झोप कमी पडली असेल, तर मात्र ती फार खोल जाते.

कोकणात यात हवेची भर पडते. घाटावरची दुपार कोरडी असते, घाम वाळतो आणि अंग निवतं. इथे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. पारा बत्तीस-तेहतिसावर असला तरी शरीराला उष्णता बाहेर टाकायला झगडावं लागतं आणि माणूस बसल्या जागी थकतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो तेव्हा किनाऱ्यावर जरा बरं वाटतं. पण आतल्या गावांत, डोंगरांच्या खोबणीत तो पोचतो तोवर निम्मी दुपार सरलेली असते.

जुना दिवस याच उन्हावाऱ्यावर बेतलेला होता. शिडाच्या होड्या पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. शेतात जोत धरायचं ते फटफटल्यावर, कारण ऊन चढलं की बैलही नांगर ओढायला नाखूश असतात. दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं नाहीतर सुकं. पुन्हा थोडं काम, मग जेवण आणि ओटीवर किंवा पडवीत आडवं होणं. मालवणीत ‘वायच पडतंय’, म्हणजे ‘जरा आडवा होतो’, म्हणणाऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नसे. उन्हं कलली की दुसरी पाळी सुरू व्हायची ती तिन्हीसांजेपर्यंत. लावणीच्या दिवसांत हा क्रम मोडायचा, हेही खरं. तेव्हा ऊन नसायचं आणि चिखल थांबत नसे.

भर दुपारी वडापिंपळाखाली जाऊ नये, देवचाराची, म्हणजे तिथल्या भुताची, वेळ असते, असं पोरांना सांगितलं जाई. यामागे आणखी काय काय असेल ते असो, पण त्या धाकाने मुलं सर्वात वाईट उन्हात घराबाहेर पडत नसत, एवढं नक्की.

दुपारची ही विश्रांती शेजारच्या गोव्यातून, पोर्तुगीजांकडून आली असं कुणी म्हणालं तर ते पटत नाही. चरकसंहितेत दिवसा झोपण्याला एरवी मनाई आहे, पण ग्रीष्मात मुभा आहे. वृद्ध, बालकं, अशक्त माणसं आणि ओझं वाहून किंवा चालून थकलेल्यांना तर कुठल्याही ऋतूत. म्हणजे दुपारी कुणी झोपावं आणि कधी, याचा विचार आपल्याकडे पोर्तुगीज किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी शतकं आधी झालेला होता. जेवणानंतर शतपावली आणि मग डाव्या कुशीवरची वामकुक्षी, ही घराघरांतली रीतही त्याच सावध विचाराची आहे: थोडं चालणं, थोडं पडणं, गाढ झोप नव्हे.

हा क्रम तुटला तो मुंबईच्या गिरण्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या आणि त्यांना हात पुरवले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने. सावंतवाडी संस्थानाचा मुलूख सोडला, तर आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. जयगड, विजयदुर्ग, मालवण अशा बंदरांतून माणसं आगबोटीने मुंबई गाठत. ज्यांना जमे ते लावणीला परत येत. ओटीवर पडण्याची सवय असलेल्या या शरीरांना आता भोंग्याच्या हाकेवर उठायचं होतं आणि यंत्र चालेल तोवर उभं राहायचं होतं. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास थोडे आवळले, पण प्रौढ कामगाराला त्यात काहीही मिळालं नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव घ्यायलाच हवं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. साप्ताहिक सुट्टीचे जनक म्हणून ते आठवले जातात, आणि ते योग्यच आहे. पण सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यातली दुसरी मागणी फारशी कुणाला आठवत नाही. ती होती दुपारी अर्धा तास विश्रांतीची. तासभर मागायचं धाडस त्या माणसांना झालं नसावं, असं मला तो अर्ज आठवला की वाटतं. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त असावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मिळावी, अशा बाकीच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक केलं.

त्या अर्ध्या तासाचा दिलासा फार टिकला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच गेली. चौदा-चौदा तास काम होऊ लागलं. त्यात १ जानेवारी १९०६ पासून मुंबईत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली, तर मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या आसपास. सरकारी घड्याळ एकाएकी ३९ मिनिटं पुढे गेलं. साडेपाचचा भोंगा आता सूर्याच्या हिशेबाने पाच वाजण्याआधीच वाजणार होता. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम सोडलं, गिरणीवर दगडफेक झाली. शहराच्या पालिकेने तर पुढे चार दशकांहून जास्त काळ जुनी मुंबईची वेळ सोडली नाही. आज ही हकिकत चमत्कारिक म्हणून सांगितली जाते. मला ती अगदी समजण्यासारखी वाटते. पहाटेची ३९ मिनिटं झोप जाणं म्हणजे काय, हे बारा-चौदा तास उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

ती वेळ आजही आपल्यासोबत आहे. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेबाराच्या थोडं आधी, फेब्रुवारीत पाऊण उलटल्यावर. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने दीडसुद्धा वाजलेला नसतो. राज्य सरकारी कार्यालयांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे: पावणेदहा ते सव्वासहा, आणि एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास जेवणाची सुट्टी. ही सुट्टी संपते तेव्हा खरी दुपार नुकती कुठे सुरू झालेली असते. सर्वात जड तास खुर्चीवर बसून काढावे लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातही पाच तासांच्या कामानंतर किमान विश्रांती होती ती अर्ध्याच तासाची. १८८४ च्या अर्जातला आकडा तिथेही बदललेला नव्हता.

मधल्या काळात सुस्तीवरचा एक उपाय बाजारातूनच आला, तो म्हणजे चहा. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, खाणी अशा ठिकाणी चहाचे ठेले लावण्यावर भर दिला गेला. कामगाराला तरतरी, मालकाला काम आणि मळेवाल्याला गिऱ्हाईक. पेजेच्या देशात दुपारचा चहा रुजला तो असा. चहातलं कॅफिन झोपेची गरज मिटवत नाही, ती जाणवू देत नाही. शिवाय त्यातलं निम्मं साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं. पाचच्या चहाने रात्रीची झोप लांबली, की दुसऱ्या दिवशीची दुपार आणखी जड.

घरंही बदलली. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, सारवलेली जमीन आणि पुढची पडवी, हे सगळं दुपारसाठी रचलेलं होतं. आता स्लॅबच्या खोल्या तापतात आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. मालवण-सावंतवाडीकडच्या बाजारपेठांत मात्र दुपारी एक ते चार फळ्या लावण्याची रीत अजून दिसते. बाहेरून आलेला पर्यटक त्यावर चिडतो. दुकानदार रात्री आठपर्यंत उभा असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

नोकरदाराला फळ्या लावता येत नाहीत. पण या सगळ्या इतिहासातून त्याच्या हाती बरंच लागतं. दुपारचा भात अर्ध्यावर आणावा आणि दहा-अकराला पेजेसारखं काहीतरी पोटात असावं, म्हणजे एक वाजता ताटावर तुटून पडणं होत नाही. हिशेब, मसुदा, निर्णय अशी डोक्याची कामं सकाळी उरकावीत. अडीच ते चारमध्ये उठून करायची कामं ठेवावीत: फोन, गोदामाची फेरी, नोंदी लावणं. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या वरिष्ठांनी धोक्याचं काम या वेळेत लावू नये, हे तर मी आग्रहाने म्हणेन. आंबा काढणारेही भर उन्हात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, चालवायचं टाळतात, फळासाठी आणि माणसासाठीही.

आणि जिथे शक्य असेल तिथे पडावं. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात चाळीस मिनिटांची मुभा दिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर स्पष्टपणे जास्त सावध राहिले. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं सुन्न राहतं आणि रात्र बिघडते. पडण्याआधी चहा घेतला तर उठेपर्यंत त्याचा परिणाम सुरू होतो, कारण कॅफिनला तेवढाच वेळ लागतो. आडवं व्हायला जागा नसेल तर जेवणाच्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून डोळे मिटून बसावं. रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी आवरेनाशी झोप येत असेल, घोरणं फार असेल, तर रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना घोरण्याबद्दल आवर्जून सांगावं.

मालकांकडे आणि साहेबांकडे मागण्यासारखी गोष्टही साधी आहे. जेवणाची सुट्टी अर्ध्याऐवजी पाऊण तास करावी, बदल्यात संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त थांबायला बहुतेक जण तयार होतील. एका खोलीत पंखा आणि चार चटया ठेवाव्यात. मार्च ते मे तरी हे करून पाहावं.