एका पानाखाली वेगळे, दोन बेटांवर सारखे

हवाई बेटांवरच्या दमट जंगलात काही झाडांची पानं उलटून पाहिली, तर खालच्या बाजूला जेमतेम 5 मिलिमीटरचा कोळी चिकटलेला दिसतो. पोट पिवळं, त्यावर डोळ्यांसारखे काळे ठिपके आणि खाली हसणाऱ्या ओठांसारखी लाल रेघ. हा थेरिडियॉन ग्रॅलेटर, म्हणजे जगभर फोटोंतून पोहोचलेला ‘हॅपी-फेस स्पायडर’. फोटोत येतो तो हसरा. पण जंगलात सर्वांत जास्त असतात ते कसलीही नक्षी नसलेले साधे पिवळे. शिवाय कुणाच्या पोटावर लाल पट्टा, कुणाच्या पाठीवर काळा डाग, कुणाची नक्षी पांढरी. असे वीसहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत.

यात जाती किती? एकच.

हे ठरवता आलं ते संकरांमुळे. रोझमेरी गिलेस्पी आणि जेफ्री ऑक्सफर्ड या अभ्यासकांनी वेगवेगळ्या नक्षीच्या नर-माद्यांची पिल्लं वाढवून पाहिली. माउई बेटावर हा सगळा रंगांचा खेळ एकाच जनुकाच्या अनेक रूपांवर चालतो आणि साधा पिवळा रंग त्यात सर्वांत दबणारा ठरतो. याच बेटसमूहातल्या हवाई नावाच्या बेटावर कोळी तसेच, नक्षीही तशाच, पण त्या पुढच्या पिढीत उतरण्याचे नियम निराळे. तिथे कोळी नर आहे की मादी यावरही काही नक्षी अवलंबून असतात. त्यात भर म्हणजे या कोळ्याचं पोट अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे खाल्लेल्या भक्ष्यानुसार त्याचा रंग काही काळ बदलतो. इतके प्रकार टिकले कसे? एक तर्क असा, की पक्षी नेहमी दिसणाऱ्या रूपाचा माग काढायला शिकतात आणि विरळ रूपाचा कोळी त्यांच्या नजरेतून सुटतो.

मग कोळ्याची जात ओळखायची कशावरून? संग्रहालयात तर रंगाचा प्रश्न आपोआप निकालात निघतो, कारण कोळी अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि त्यात रंग उतरतात. अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ते जननेंद्रियं. नराच्या तोंडाशी दोन आखूड अवयव असतात. त्यांच्या टोकाच्या गाठीतून तो मादीला शुक्रजंतू देतो. मादीच्या पोटाखाली त्यासाठी एक कडक भाग असतो, त्याला एपिजाईन म्हणतात. या दोन्हींचे बाक, काटे आणि खाचा बहुतेक कोळ्यांत जातीगणिक वेगळ्या असतात. त्या पूर्ण तयार होतात शेवटची कात टाकल्यावर, म्हणून पिल्लू हाती लागलं तर तज्ज्ञही बहुधा कुळ किंवा प्रजाती (जवळच्या जातींचा गट) यापाशी थांबतो.

नव्या जातीचं वर्णन करताना या अवयवांची चित्रं, डोळ्यांची मांडणी, पायांची मापं आणि सापडलेली जागा लिहावी लागते. शिवाय एक मूळ नमुना, होलोटाइप, संग्रहालयात ठेवावा लागतो. नाव कशावरूनही द्या. ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. हसऱ्या कोळ्याला ग्रॅलेटर हे नाव 1900 मध्ये फ्रेंच अभ्यासक युजेन सिमाँ यांनी दिलं.

हवाई बेटांवरच नेमका उलटा प्रकारही आहे: दिसायला सारखे, पण जाती वेगळ्या. टेट्राग्नाथा प्रजातीच्या एका शाखेनं इथे जाळं विणणंच सोडलं. काटेरी पायांचे हे कोळी रात्री हिंडून शिकार करतात. त्यांची चार रूपं आहेत: पानांवर हिरवं, शेवाळावर किरमिजी, काटक्यांवर लहान तपकिरी आणि झाडाच्या सालीवर मोठं तपकिरी. काउआईचा हिरवा, ओआहूचा हिरवा आणि माउईचा हिरवा शेजारी ठेवले, तर आपण त्यांना बेलाशक एक म्हणू. प्रत्यक्षात त्या तीन जाती आहेत: टेट्राग्नाथा काउआयेन्सिस, टॅंटेलस आणि वायकामोई. गिलेस्पी यांनी 2004 मध्ये डीएनएच्या आधारे यांचं नातं तपासलं. एखाद्या कोळ्याचा जवळचा नातलग दुसऱ्या बेटावरचा त्याच रंगाचा कोळी असेल असं मुळीच नव्हतं. काही वेळा तो त्याच बेटावरचा, निराळ्या रंगाचा निघाला. म्हणजे तेच रूप स्वतंत्रपणे पुन्हा घडलं होतं. मला स्वतःला हसऱ्या चेहऱ्यापेक्षा हे कितीतरी जास्त चकित करणारं वाटतं, पण हिरव्या कोळ्याचा फोटो कोण पुढे पाठवणार?

हसरा कोळी ओआहू, मोलोकाई, माउई आणि हवाई या चार बेटांवर आहे. बेटांमधला समुद्र ओलांडणं त्याला क्वचितच जमत असावं, कारण जनुकीय तपासणीत बेटागणिक ठळक फरक दिसतात. रंगाच्या वारशाचे नियमही वेगळे, हे वर आलंच. तरीही चारही बेटांवरचे कोळी आज एकाच नावाखाली मोडतात.