माचा घरी नेताय ना, मग हे आधी वाचा

दुकानात रोज कुणीतरी विचारतंच, हा हिरवा चहा म्हणजे आपला गवती चहाच ना? नाही हो. गवती चहाची पात म्हणजे गवत, त्यात कॅफिन नसतं. माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची (ग्रीन टीची) बारीक पावडर, टपरीवरच्या कटिंगचा सख्खा भाऊ, चहाचं झाड तेच, फक्त वाढवायची आणि दळायची तऱ्हा वेगळी.

जपानात पान तोडायच्या आधी तीन-चार आठवडे बागेवर आच्छादन घालून ऊन अडवतात, मग पान गर्द हिरवं होतं आणि एल-थिअनिन नावाचं अमिनो आम्ल त्यात जास्त उरतं, माचाला जी गोडसर आणि जरा शेवाळासारखी चव असते ती बरीचशी त्याचीच. पुढे पान वाफवतात, वाळवतात, देठ-शिरा काढून टाकतात आणि दगडी जात्यात दळतात. जातं जोरात फिरवलं तर पावडर तापते म्हणून हळूच फिरवायचं, तासाभरात जेमतेम 40 ग्रॅम निघते. म्हणजे आमच्या 30 ग्रॅमच्या डब्यामागे जात्याचा पाऊण तास आहे, भाव कमी करा म्हणताना तेवढं लक्षात असू द्या! त्यात 2024 पासून जगभर मागणी इतकी वाढलीये की जपानातच माल पुरेना झालाय.

आता फायद्याचं. आपण चहा गाळतो आणि चोथा तुळशीच्या नाहीतर गुलाबाच्या कुंडीत टाकतो, माचात चोथाच नाही, अख्खं पान पोटात जातं. त्यामुळे कॅटेचिन म्हणजे ती अँटिऑक्सिडंट द्रव्यं, त्यातलं ईजीसीजी मुख्य, गाळलेल्या चहापेक्षा जास्त मिळतात. पण हीच गोष्ट उलटीही लागू पडते, पानावर फवारलेलं औषध किंवा मातीतलं शिसं असेल तर तेही पूर्ण पोटात जाणार, म्हणून कुठला माल आहे ते विचारून घ्या, आमच्याकडून घेतलात तरी विचारा.

आम्हाला स्वतःला सगळ्यात जाणवलेला फायदा म्हणजे दुपारी तीनला येणारी झोप उडते. दोन ग्रॅम माचात पावडरप्रमाणे साधारण 40 ते 80 मिलीग्रॅम कॅफिन असतं, कॉफीच्या मोठ्या कपापेक्षा थोडं कमी. कॅफिन आणि थिअनिन एकत्र गेलं की लक्ष जरा बरं लागतं असं काही अभ्यासांत दिसलंय, आणि कॉफीने येते ती धडधड बऱ्याच जणांना होत नाही. बौद्ध भिक्षू ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून हेच प्यायचे. 1191 मध्ये एईसाई नावाचा भिक्षू चीनमधून चहाचं बी घेऊन जपानात परतला असं सांगतात, तेव्हापासून तिकडे हे चालू आहे.

ग्रीन टीने एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं, थोडंच, डॉक्टरांची गोळी बंद करण्याइतकं अजिबात नाही. वजनाचं विचाराल तर आम्ही सरळ सांगतो की त्यासाठी घेऊ नका. 2012 साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ग्रीन टीवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, वजनातला फरक इतका किरकोळ निघाला की त्याला अर्थ नाही. आणि कॅन्सर बरा होतो, शुगर जाते असले मेसेज ग्रुपवर फिरतात ना, त्यावर आमच्या दुकानाचं नाव असलं तरी विश्वास ठेवू नका, आम्ही ते लिहिलेलं नाही.

आता ज्यांनी जपून घ्यायचं त्यांचं, हे जरा नीट वाचा. चहातली ही कॅटेचिनसारखी द्रव्यं जेवणातलं लोह पूर्ण अंगी लागू देत नाहीत, विशेषतः पालेभाजी आणि डाळीतलं. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालंय, तेव्हा ताई, जेवणावर माचा नको, मध्ये तासभर तरी जाऊ द्या, लोहाच्या गोळीबरोबर तर नकोच. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका कारण माचात व्हिटॅमिन के असतं. गरोदर असाल तर चहा-कॉफी धरून दिवसाचं कॅफिन 200 मिलीग्रॅमच्या आत ठेवायचं. ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल ही वेगळीच गोष्ट, दिवसाला 800 मिलीग्रॅम ईजीसीजी गेलं की लिव्हरवर ताण येऊ शकतो, त्या आम्ही ठेवतच नाही.

करायचा कसा? पहिली चूक सगळे तीच करतात, आपल्या सवयीने उकळतात. उकळू नका, कडू होतो. पाणी 70 ते 80 डिग्री हवं, थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी या कपातून त्या कपात दोन-तीनदा ओता, काम होतं. सपाट छोटा चमचाभर पावडर आधी चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात, मग 70 मिली पाणी घालून फेस येईपर्यंत घुसळा. बांबूचा ब्रश नसला तर ताकाची छोटी रवी चालते (आमची आई तीच वापरते आणि फेस आमच्यापेक्षा भारी येतो), नाहीतर झाकणाच्या बाटलीत थंड पाणी घालून हलवा, मे महिन्यात तर तेच बरं. दूध घालायचं तर घाला, पण तीन चमचे साखर आणि वर आईस्क्रीम टाकलंत तर तो गोड पदार्थ झाला, खा मजेत, पण आरोग्यासाठी म्हणून नको.

शेवटचं मुंबईपुरतं. पहिल्या जुलैमध्ये आम्ही एक मोठं पाकीट फ्रिजमधून काढून लगेच उघडलं, थंड पावडरला दमट हवा लागली आणि आठवड्यात सगळी शेवाळी पिवळट होऊन गवतासारखी वास मारायला लागली, फेकून दिली, जीव तुटला. तेव्हापासून छोटे डबेच ठेवतो. तुम्ही डबा फ्रिजमध्ये ठेवा, मसाल्यांपासून लांब, बाहेर काढल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या आणि मगच झाकण उघडा, चमचा कोरडा पाहिजे. उघडल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. रंग पिवळा दिसला तर घेऊन या, आम्हाला दाखवा, पावडर आमच्याकडेच खराब झाली असेल तर बदलून देऊ.