अपकृत्य कायद्याचा प्राथमिक अभ्यास

अपकृत्य म्हणजे निव्वळ करारभंग नसलेले असे दिवाणी स्वरूपाचे गैरकृत्य, की ज्याबद्दल बाधित व्यक्तीला न्यायालयाकडे मुख्यतः नुकसानभरपाई मागता येते. वर्गात आणि वकिलांच्या बोलण्यात ‘टॉर्ट’ हाच शब्द रूढ आहे. ‘पिळलेले, वाकडे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. इंग्लंडमध्ये घडलेली कॉमन लॉ पद्धत ज्या देशांत चालते, तेथे कायद्याच्या विद्यार्थ्याला हा विषय बहुधा पहिल्याच वर्षी भेटतो. आधी तो फार सोपा वाटतो, कारण धक्का, अपघात, बदनामी, शेजाऱ्याचा उपद्रव हे सारे ओळखीचे असते. मग तोच एकाएकी निसरडा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, ही मनातली समजूत कायदा मानत नाही, हे कळायला वेळ लागतो.

गुन्हा, करारभंग आणि अपकृत्य यांतला भेद पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो. गुन्ह्यात शासन आरोपीला शिक्षा मागते. अपकृत्यात वादी स्वतःसाठी भरपाई मागतो. करारातली कर्तव्ये दोघांनी आपसात ठरवलेली असतात. अपकृत्यातली कर्तव्ये कायदा सर्वांवर सर्वांसाठी लादतो. हे भेद खरे असले तरी त्यांच्यामध्ये भिंती नाहीत. एकच थप्पड गुन्हाही असते आणि अपकृत्यही, आणि दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या न्यायालयांत चालू शकतात.

फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने हा सगळा प्रांत मोजक्या कलमांत बसवला: ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे. कॉमन लॉमध्ये असे एक सर्वव्यापी वाक्य नाही. येथे नियम निवाड्यांतून, एकेका भांडणातून घडत गेले. हा एक ‘अपकृत्याचा कायदा’ आहे की सुट्या ‘अपकृत्यांचा कायदा’, यावर विनफील्ड आणि सामंड या दोन विधिज्ञांच्या नावाने चालणारा वाद परीक्षेत हटकून विचारतात. तो वाद पहिल्या वर्षी तोंडपाठ करण्यापेक्षा वर्षाच्या शेवटी पुन्हा वाचावा. तोवर त्यात काय पणाला लागले आहे ते आपसूक कळू लागते. ब्रिटिश काळात भारतासाठी अपकृत्यांची संहिता करण्याचा प्रयत्न झाला होता. फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये मसुदाही तयार केला, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे भारतातही हा विषय मुख्यतः निवाड्यांतूनच शिकावा लागतो.

निवाडा वाचणे हे म्हणून या अभ्यासातले पहिले कसब ठरते. घडले काय, न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता, निकालाला आधार देणारे कारण कोणते आणि जाता जाता केलेली टिप्पणी कोणती, हे वेगळे काढावे लागते. तयार टिपणांत बहुधा निष्कर्षाचे एक वाक्य उरते आणि घटना गळून पडते. घटना गळाली की नियम कुठवर लागू होतो हे सांगता येत नाही, आणि या विषयातला बहुतेक झगडा तर त्याच हद्दीवर चालतो.

नुकसान आणि हक्कभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही पहिली पायरी. १४१० च्या ग्लॉस्टर शाळेच्या खटल्यात एका शिक्षकाने जवळच नवी शाळा काढली, स्पर्धेमुळे जुन्या शाळेला आपले शुल्क ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आणावे लागले, तरीही दावा फेटाळला गेला. प्रामाणिक स्पर्धेने झालेले नुकसान हा हक्कभंग नव्हे. उलट बाजू अ‍ॅश्बी विरुद्ध व्हाइट (१७०३) या खटल्याची. पात्र मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे हिशेबात मावेल असे नुकसान शून्य. तरी वादी अखेर जिंकला, कारण हक्क मोडला होता. विद्यार्थी ‘डॅम्नम सिने इंजुरिया’ (हक्कभंगाविना नुकसान) आणि ‘इंजुरिया सिने डॅम्नम’ (नुकसानाविना हक्कभंग) ही लॅटिन वचने घोकतात आणि ऐन परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात. शाळा आणि मतपेटी लक्षात ठेवली की ही चूक होत नाही.

हेतुपुरस्सर केलेली अपकृत्ये तुलनेने लवकर उरकतात. अंगाला प्रत्यक्ष हात लावणे वेगळे आणि हात आता लागणार अशी वाजवी धास्ती निर्माण करणे वेगळे. १६६९ च्या ट्यूबरव्हिल विरुद्ध सॅव्हेज खटल्यात एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हटले, की फिरते न्यायाधीश गावात आलेले नसते तर मी तुझे हे बोलणे ऐकून घेतले नसते. शब्दांनीच कृतीतली धमकी काढून घेतली, म्हणून हमला ठरला नाही. बेकायदा अटकावासाठी चारही बाजू बंद व्हाव्या लागतात. बर्ड विरुद्ध जोन्स (१८४५) मध्ये पुढे जाण्याची वाट अडवली होती, पण मागे फिरता येत होते, म्हणून तो अटकाव नव्हे. दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना पाऊल टाकणे हे काही बिघडले नाही तरी अपकृत्य असते. धूर, आवाज, दुर्गंधी यांचा उपद्रव मात्र किती, किती वेळ आणि कोणत्या वस्तीत, यावर तोलला जातो. अब्रुनुकसानी हा स्वतंत्र मोठा प्रांत आहे आणि प्राथमिक अभ्यासात त्याची तोंडओळखच होते.

खरा मुक्काम निष्काळजीपणाच्या प्रकरणात. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे एका उपाहारगृहात मे डॉनह्यू यांच्यासाठी मैत्रिणीने जिंजर बिअर मागवली. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्यांचे म्हणणे. त्या आजारी पडल्या. पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणून दुकानदाराशी त्यांचा करार नव्हता. उत्पादक स्टीव्हन्सन यांच्याशी तर नव्हताच. तोवरच्या विचारानुसार प्रकरण इथेच संपायचे. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी उलटे ठरवले. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी शेजारधर्माला कायद्याचा अर्थ दिला: माझ्या कृतीचा परिणाम ज्यांच्यावर होईल हे मला वाजवीपणे दिसायला हवे, ते माझे कायद्यातले शेजारी, आणि त्यांना इजा होऊ नये इतकी काळजी घेणे हे माझे कर्तव्य.

या निवाड्यातली बाटली गडद होती, ही बाब सजावटीची नाही. मध्ये कोणालाही तपासणी करता येण्याजोगी नव्हती, म्हणून जबाबदारी थेट उत्पादकापर्यंत पोहोचली. बाटली पारदर्शक करून पाहा, लगेच उत्तर डळमळते. जाता जाता: बाटलीत गोगलगाय होती की नाही, हे कोणत्याही न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. वादीचे म्हणणे खरे धरले तर दावा उभा राहतो का, एवढाच प्रश्न वर गेला होता. पुढे स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीने मिटले.

निष्काळजीपणाची साखळी चार कड्यांची आहे: काळजी घेण्याचे कर्तव्य, त्या कर्तव्याचा भंग, भंगामुळे नुकसान झाल्याचा कार्यकारणसंबंध, आणि फार दूरचे नसलेले नुकसान. भंग झाला का हे सर्वसाधारण विवेकी माणसाच्या मापाने ठरते. व्हॉन विरुद्ध मेनलव्ह (१८३७) मध्ये प्रतिवादीने हद्दीलगत गवताची गंजी रचली, आग लागेल असे लोक सांगत असताना ऐकले नाही, आणि शेजाऱ्याची घरे जळाली. आपल्याला देवाने बुद्धीच कमी दिली, या अर्थाचा त्याचा बचाव होता. तो चालला नाही. शिकाऊ वाहनचालकालाही निष्णात चालकाचेच माप लागू होते, असे १९७१ च्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन खटल्यात ठरले. ते कठोर वाटते. पण धडक बसणाऱ्याला गाडीवरची शिकाऊची पाटी वाचवत नाही.

हे माप स्थिर असले तरी त्यातून निघणारे उत्तर धोक्यानुसार बदलते. बोल्टन विरुद्ध स्टोन (१९५१) मध्ये मैदानाबाहेर गेलेला क्रिकेटचा चेंडू रस्त्यावरील एका स्त्रीला लागला. सुमारे ३० वर्षांत चेंडू कुंपणापलीकडे गेल्याची उदाहरणे सहाच्या आसपास होती. क्लब जबाबदार ठरला नाही. मिलर विरुद्ध जॅक्सन (१९७७) मध्ये प्रत्येक हंगामात चेंडू शेजारच्या घरांकडे येत होते. तेथे जबाबदारी आली, खेळ बंद पाडण्याचा मनाई हुकूम मात्र मिळाला नाही. चेंडू तोच, खेळ तोच, फरक वारंवारतेचा. हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचणे दहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा फलदायी आहे.

तिसऱ्या कडीवर नवशिका हमखास घसरतो. बार्नेट खटला पाहावा. १९६६ च्या पहिल्याच दिवशी तीन पहारेकरी चहानंतर उलट्या होऊ लागल्याने रुग्णालयात आले. डॉक्टरांनी न तपासताच त्यांना घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले. त्यांतला एक काही तासांत आर्सेनिकच्या विषबाधेने गेला. कर्तव्य होते, भंगही उघड होता. तरी दावा हरला, कारण वेळेवर दाखल करून घेतले असते तरी उपचार लागू पडण्याइतका अवधी उरला नव्हता. ‘प्रतिवादीने चूक केली नसती तर हे नुकसान टळले असते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की साखळी तुटते, मग चूक कितीही संतापजनक असो.

आणि टळले असते असे दिसले, तरी परिणामांना कुठे तरी सीमा घालावी लागते. १९२१ च्या पोलेमिस निवाड्याने थेट परिणामांची जबाबदारी सरसकट टाकली होती. वॅगन माउंड प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटनबाहेरच्या देशांतली अपिले ऐकणारे लंडनमधील न्यायमंडळ) १९६१ मध्ये ती भूमिका सोडून दिली: सिडनीच्या बंदरात सांडलेले जड तेल पाण्यावर तरंगत असताना पेट घेईल हे वाजवीपणे दिसण्याजोगे नव्हते, म्हणून आगीची भरपाई नाही. न्यूयॉर्कच्या पाल्सग्राफ खटल्यात (१९२८) फलाटाच्या एका टोकाला फटाक्यांचे पुडके पडून स्फोट झाला आणि दूरवर उभ्या स्त्रीवर वजनकाटा आदळला. त्या स्त्रीबाबत रेल्वे कंपनीचे काळजी घेण्याचे कर्तव्यच नव्हते, असे न्यायाधीश कार्डोझो म्हणाले. विरोधी मत देणारे अँड्र्यूज यांनी तो प्रश्न कारणांच्या साखळीत शोधला. निकाल चार विरुद्ध तीन. दोघांचे युक्तिवाद सलग वाचल्यावर दोन्ही पटतात, आणि विद्यार्थी गोंधळतो. तो गोंधळ योग्य जागी झालेला असतो.

काही ठिकाणी मात्र चूक शोधण्याची गरजच पडत नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) मध्ये गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचे पाणी जुन्या विवरांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. धोकादायक वस्तू जमिनीचा अस्वाभाविक वापर करून साठवणाऱ्याने ती निसटली तर भरून द्यावे, हा कठोर दायित्वाचा नियम येथून निघाला. दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य, वादीची संमती असे अपवाद त्याला जोडले गेले. पुढे देशोदेशी त्याचे नशीब वेगळे निघाले. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने १९९४ मध्ये तो निष्काळजीपणात विलीन केला. भारतात उलट दिशा घेतली गेली: भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेला वर्ष होत असताना डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली, आणि एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांवर अपवादविरहित, पूर्ण दायित्व टाकले. हा निवाडा २० डिसेंबर १९८६ चा. निवाडेसंग्रहात तो १९८७ चा म्हणून आढळतो, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही साले दिसली तर दचकू नये.

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल मालकही जबाबदार धरला जातो. ‘कामाच्या ओघात’ या दोन शब्दांवर प्रत्येक खटला अडतो. बचावांपैकी संमती आणि वादीचा स्वतःचा निष्काळजीपणा हे दोन आधी शिकावेत. पूर्वी वादीची थोडी चूकही संपूर्ण दावा बुडवत असे. इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्याने चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली.

प्रश्नपत्रिकेत साधारण असे येते: उंच परांचीवर काम करणाऱ्या रंगाऱ्याने बादली कडेला ठेवली, ती खाली पडली, कानात संगीत लावून मोबाइलकडे पाहत चालणाऱ्याच्या डोक्यावर आदळली, त्याची कवटी जन्मतःच पातळ होती. कच्चे उत्तर म्हणते, ‘रंगारी निष्काळजी, म्हणून जबाबदार.’ चांगले उत्तर कडी कडीने जाते. खालून जाणारा हा उघड शेजारी. बादली का पडली हे वादीला ठाऊक नसले तरी घटनाच बोलते का, हा प्रश्न १८६३ च्या बर्न विरुद्ध बोडल खटल्यातल्या खिडकीतून पडलेल्या पिठाच्या पिंपाशी ताडून पाहावा. पातळ कवटीचा बचाव नाही. जखमी जसा असेल तसा स्वीकारावा लागतो. मोबाइलमुळे भरपाई घटेल का? वर न पाहणे ही रस्त्यावरच्या माणसाची चूक धरावी का, यावर परीक्षक दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचायला तयार असतो. रंगारी पगारी नोकर की ठेकेदार, हे प्रश्नात सांगितलेले नसेल तर दोन्ही शक्यता मांडून उत्तर दोन फाट्यांनी न्यावे.

भरपाईचा हेतू अपकृत्य घडलेच नसते तर वादी जिथे असता तिथे, पैशाने शक्य तितके, त्याला आणून ठेवणे हा असतो. बुडालेली मिळकत मोजता येते. वेदनेचा आकडा मात्र न्यायाधीश मागच्या निवाड्यांकडे पाहून ठरवतात. न्यूझीलंडने ही मोजदादच बाजूला ठेवली: तेथे १९७२ चा कायदा १९७४ पासून अमलात आला, अपघाती इजेसाठीची भरपाई सार्वजनिक निधीतून मिळू लागली आणि अशा इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याची वाट बहुतांशी बंद झाली. तेथे आज एखादी बाटली फुटून कोणाला इजा झाली, तर न्यायालयाऐवजी अर्ज भरावा लागेल.