कृषी पतसंस्थांचे बळकटीकरण

शेतीला हंगामापुरते कर्ज देणाऱ्या आणि गावातली बचत सांभाळणाऱ्या संस्थांना स्वतःच्या पायावर उभे करण्याची प्रक्रिया. विकसनशील देशांत तिच्यापुढची अडचण बहुधा एकच असते. पैसा पेरणीला लागतो आणि हाती येतो काढणीनंतर. पाऊस हुकला की सगळे गाव एकदमच थकबाकीत जाते, आणि संस्थेकडे स्वतःच्या ठेवी नसतील तर हा फटका सोसायला तिच्याजवळ काहीच नसते.

या विषयावरचे भारतातले अनेक महत्त्वाचे निर्णय मुंबईत घडले. त्यांची पार्श्वभूमी मात्र खेड्यातली: १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा १८७९ चा कायदा आला, पण कर्जाची गरज कायद्याने भागत नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांनी १९११ मध्ये मुंबईत काढलेली सहकारी बँक ही त्या गरजेला दिलेला एक प्रतिसाद होती. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. वैकुंठभाई मेहतांनी दीर्घकाळ तिचा कारभार पाहिला.

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांची पाहणी केली. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता जेमतेम ३.१ टक्के, सावकारांचा सुमारे ७० टक्के. ही पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने (सदस्यांत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ) सहकाराचे अपयश मोकळेपणाने मान्य केले आणि तरीही त्याची वाट न सोडण्याचा आग्रह धरला. कर्ज व शेतमालाची विक्री एकमेकांना जोडावी, ही तिची सर्वांत मोलाची सूचना. १२ जुलै १९८२ रोजी नाबार्ड ही शेती व ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक स्थापन झाली. तिचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

महाराष्ट्रात पीककर्ज शिखर बँकेकडून (म्हणजे राज्य सहकारी बँकेकडून) जिल्हा बँकेत, तिथून गावातल्या विकास सोसायटीत (प्राथमिक कृषी पतसंस्थेत) आणि मग सभासदाकडे पोहोचते. दुखणे याच उतरंडीत आहे. सोसायटी वरून आलेला पैसा वाटते, स्वतः ठेवी फारशा गोळा करत नाही. सोसायटीचे बँकेला देणे सभासदांकडच्या येण्यापेक्षा वाढले की त्याला ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. ती एकदा पडली की संस्थेला नवे कर्ज मिळणे कठीण होते. मार्चअखेरीस ‘जुने-नवे’ करून, म्हणजे नव्या कर्जातून जुने फिटल्याचे दाखवून, कागदोपत्री वसुली दाखवली जाते, त्यामुळे खरी थकबाकी कित्येक वर्षे झाकून राहते.

ज्यांच्याकडे तारण नाही असे लोकही नियमित बचत करतात, हे दोन अनुभवांतून दिसले. इंडोनेशियात बँक राक्यात इंडोनेशियाच्या ग्रामीण शाखांनी १९८६ पासून कधीही काढता येणारी बचत ठेव सुरू केली आणि थोड्याच वर्षांत ठेवी कर्जांहून अधिक झाल्या. भारतात नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांना जोडून सुरुवात केली. आधी बचत, मग गटांतर्गत कर्ज, त्यानंतर बँक, हा क्रम त्यात निर्णायक ठरला.

कर्जमाफी हे बळकटीकरण नव्हे. आपत्तीत तिची गरज पडते. पण माफीच्या आशेने फेड थांबली की सर्वांत आधी सोसायटीच कोलमडते. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन ठेवावे लागले, ते याच जाणिवेतून. सहकारी पतसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी नेमलेल्या वैद्यनाथन समितीने भांडवली मदतीला कारभारातील सुधारणांची अट घातली होती. २०२२ मध्ये केंद्राने देशातील सुमारे ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. सचिवाच्या दप्तरात बंद असलेला आपला खातेउतारा सभासदाला त्यामुळे पाहता येऊ शकतो.